अल्पमोली पूर्ववर्धकांची अंध-श्रवण-परीक्षा

ध्वनिमुद्रण हे एके काळी नभोवाणी-केंद्रांचे व ग्रामोफोन कंपन्यांचे कार्य होते. आज ते राहत्या घरात होऊ लागले आहे. नाशिकसारख्या नगरात तर त्याला दुहेरी महत्त्व आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात येथेच आपला आश्रम स्थापिला, आणि १९८९ साली निघालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. गायनाचा विद्यार्थी आपला रियाझ मुद्रित करतो, अध्यापक आपले पाठ मुद्रित करतो, लोकसाहित्याचा अभ्यासक ओव्या जतन करतो. या सर्वांना एक प्रश्न पडतो: मायक्रोफोन जोडावयाचा तो स्वस्त यंत्राला की महाग यंत्राला? त्याचे उत्तर जाहिरातीवरून वा ऐकीव मतावरून न ठरविता प्रयोगाने कसे ठरवावे, हे येथे पाहावयाचे आहे.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्-संकेत अत्यंत क्षीण असतो. शुअर कंपनीच्या एसएम-५८ या सर्वपरिचित मायक्रोफोनवर ९४ डेसिबल तीव्रतेचा, म्हणजे एक पास्कल दाबाचा, ध्वनी पडला असता त्यातून सुमारे १.८५ मिलिव्होल्ट एवढाच दाब मिळतो. तो एक व्होल्टपर्यंत नेण्यास सुमारे ५५ डेसिबल वर्धन लागते. हे कार्य करणाऱ्या मंडलास प्रीअँप किंवा पूर्ववर्धक म्हणतात. ताणपुऱ्यासारख्या मंद वाद्याला तर याहूनही अधिक वर्धन द्यावे लागते, आणि संकेताबरोबर यंत्राचा स्वतःचा खरखराटही वाढतो. पूर्ववर्धकांच्या गुणांतील मुख्य भेद येथेच संभवतो.

या भेदाचे माप गणिताने काढता येते. १५० ओहम रोधातील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीमुळेच २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट खरखराट उद्भवतो. कोणत्याही किंमतीचे यंत्र याखाली जाऊ शकत नाही. चांगल्या पूर्ववर्धकात, त्याच्या प्रवेशद्वाराशी मोजल्यास, हा आकडा ०.३१ असतो, सामान्य यंत्रात तो ०.७८ धरू. उपरोक्त मायक्रोफोनच्या हिशेबाने हे खरखराट अनुक्रमे १८ व २६ डेसिबल तीव्रतेच्या ध्वनीइतके होतात. आता मुंबई-आग्रा महामार्गापासून दूरच्या एखाद्या घरातील खोलीत, मध्यरात्री पंखा बंद करूनही, ३० डेसिबल गोंगाट उरतो असे मानल्यास, पहिल्या यंत्रामुळे एकूण पातळी ०.३ डेसिबलने आणि दुसऱ्यामुळे १.६ डेसिबलने वाढते. दिवसा हा भेद आणखी घटतो.

तथापि एवढ्यावरून प्रश्न निकालात निघत नाही. खोलीतील गोंगाट मुख्यतः खालच्या कंप्रतेचा असतो. यंत्राचा खरखराट वरच्या कंप्रतांतही पसरलेला असल्याने तो वेगळा जाणवू शकतो. म्हणून अखेर कानालाच विचारावे लागते. परंतु कान डोळ्यांच्या आधीन असतो. यंत्राची किंमत व नाव ठाऊक असले की ऐकणाऱ्यास त्याप्रमाणे ‘ऊब’ अथवा ‘रुक्षता’ ऐकू येऊ लागते. यात लबाडी नसते. अपेक्षेचा तो स्वाभाविक परिणाम होय. बा. वि. केसकर हे नभोवाणी-मंत्री असताना आकाशवाणीने कलावंतांच्या चाचणीची जी पद्धत स्वीकारली, तीत परीक्षकांपासून गायकाची ओळख लपविण्यामागे हीच दृष्टी होती. गायकाबाबत जी काळजी घेतली गेली, ती यंत्राबाबत न घेण्याचे कारण नाही.

परीक्षेची पहिली अट अशी की, दोन्ही यंत्रांना एकच ध्वनी मिळाला पाहिजे. गायक तीच तान दोनदा तंतोतंत घेऊ शकत नाही. म्हणून आधी मुद्रित केलेला एक उतारा ध्वनिवर्धकावरून वाजवावा, मायक्रोफोन जागचा हलवू नये, आणि प्रत्येक पूर्ववर्धकातून तो उतारा क्रमाने मुद्रित करावा. ध्वनिवर्धकाचे दोष दोहोंना समान असल्याने तुलनेस बाध येत नाही. दुसरी अट पातळीच्या समानतेची. किंचित मोठा आवाज ऐकणाऱ्यास मोठा न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. यास्तव १,००० हर्ट्झचा स्वर देऊन दोन्ही पातळ्या ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे विद्युत्-दाबाच्या सुमारे एक टक्क्याच्या आत, जुळवाव्यात. तिसरी अट अशी की, श्रोत्यास ‘क’ व ‘ख’ ऐकवून नंतर त्यांपैकीच एक, नाणेफेकीने निवडलेला, ‘क्ष’ म्हणून ऐकवावा व तो कोणता हे विचारावे. वाजविणाऱ्यासही उत्तर ठाऊक नसावे.

उत्तरांचा अर्थ लावताना संख्याशास्त्राचे साह्य घ्यावे लागते. रोनल्ड फिशर यांनी १९३५ साली चहाच्या आठ पेल्यांच्या सुप्रसिद्ध उदाहरणाने हाच विचार मांडला होता. दहापैकी सात उत्तरे बरोबर येणे प्रभावी वाटते. पण केवळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्यासही सात किंवा अधिक गुण मिळण्याची संभाव्यता १७ टक्के असते. सोळांपैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता मात्र ३.८ टक्केच आहे.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. वर्गातील वीस विद्यार्थी निव्वळ अंदाज करीत असले, तरी त्यांतील निदान एकजण सोळांपैकी बारा गुण मिळविण्याची संभाव्यता ५४ टक्के असते. अशा एकट्या ‘तीक्ष्ण कानाच्या’ विद्यार्थ्याची नव्याने परीक्षा घेतल्याखेरीज त्याचा दाखला ग्राह्य धरू नये. उलटपक्षी, जो श्रोता खरोखरच शंभरांत सत्तर वेळा भेद ओळखू शकतो, तोही ही कसोटी केवळ ४५ टक्के वेळाच उत्तीर्ण होईल. म्हणून अनुत्तीर्ण होणे म्हणजे भेद नसल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि श्रोत्याला विश्रांतीही द्यावी लागते.

निष्कर्ष त्या मायक्रोफोनपुरता, त्या वर्धनापुरता व त्या खोलीपुरताच मर्यादित असतो, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. जवळून बोललेल्या व्याख्यानात जो भेद लुप्त होतो, तो ताणपुऱ्याच्या विरत जाणाऱ्या झंकारात प्रकट होऊ शकेल. परीक्षा नेमक्या इष्ट कार्यावरच घ्यावी, ती याचसाठी.

विद्यार्थ्याजवळील द्रव्य परिमित असते. भेद ऐकू येत असेल, तर महाग यंत्राची किंमत त्याने विचारपूर्वक द्यावी. ऐकू येत नसेल, तर तेच द्रव्य खिडकीच्या जाड पडद्याकडे वा अधिक बऱ्या मायक्रोफोनकडे वळवावे. आणि संगीताच्या अभ्यासात ‘मी स्वतः ऐकले’ हा पुरावा वारंवार दिला जात असल्याने, ते ऐकणे कोणत्या परिस्थितीत झाले हे विचारण्याची सवय या लहानशा प्रयोगाने लागली, तर तो लाभ यंत्राच्या किंमतीहून मोठा ठरेल.