जुन्या फियाटला नवे स्टिअरिंग

आमच्या हिंगोलीत जुन्या पद्मिनीचा हौशी मालक भेटला की हमखास विचारतो, हिला मारुतीसारखे रॅक-पिनियन स्टिअरिंग बसेल का? मंडळी, बसवता येते, पण त्यात एक मेख आहे.

पद्मिनीच्या स्टिअरिंगपेटीत आटे पाडलेला दांडा आणि त्यावर फिरणारा रोलर असतो; पुढे दांड्या, सांधे. ते झिजले की हातातले चाक बोटभर फिरते, गाडी वळत नाही. रॅक-पिनियनमध्ये छोटे दातेरी चाक दातेरी पट्टी सरकवते. सांधे कमी, ढिलाई कमी. गंमत म्हणजे अवजड अ‍ॅम्बॅसिडरला हीच रचना होती!

मेख पट्टीच्या लांबीत आणि उंचीत आहे. खड्ड्यात चाक खालीवर होते तेव्हा विशबोन आणि टायरॉड आपापल्या कमानीत झुलतात. त्यांचे आतले सांधे एका रेषेत नसतील तर हात स्थिर असूनही चाक आपोआप वळते. गझलेत एक मात्रा वाढली तर ओळ लंगडते, एवढेच. वसमतच्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली येत असते.

म्हणून मिस्त्रीला स्प्रिंग काढून चाक खालीवर करून दाखवायला सांगा. दिशा बदलली तर पट्टीची जागा चुकली. स्टिअरिंगच्या दांड्याला वेल्डिंगचा जुगाड तर नकोच. शिवाय 1988च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बंधने घालते. आधी परिवहन कार्यालयात विचारा. माझे मत विचाराल तर पहिल्यांदा बुश आणि टायरॉड एंड बदलून पाहा. निम्मी ढिलाई तिथेच असते.