सबब आणि संकेतांक

अमेरिकेतील रुग्णाच्या दंडातून काढलेले रक्त त्याच देशातील प्रयोगशाळेत तपासले जात असले, तरी त्या तपासणीचे पैसे कोणी आणि कोणत्या सबबीवर द्यावयाचे याचा कागद पुष्कळदा पुण्यातील एखाद्या कचेरीत सिद्ध होतो. अशाच एका कचेरीत, या कामात मुरलेल्या एका कोडरताईंच्या शेजारी बसून, रुग्णाची ओळख पुसून प्रशिक्षणासाठी राखलेले एक प्रकरण मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले.

पडद्यावर प्रथम आला तो डॉक्टरांचा हुकूम : 'सीएमपी', म्हणजे शर्करा, क्षार, यकृत आणि मूत्रपिंडे यांचा एकत्रित अंदाज देणारी चौदा घटकांची रक्ततपासणी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या सीपीटी संकेतावलीत तिचा क्रमांक ८००५३, आणि शिरेतून रक्त काढण्याचा क्रमांक ३६४१५. परंतु चौदाही घटक प्रत्यक्ष तपासले गेले असतील तरच हा क्रमांक लावता येतो. एखादा जरी राहिला तरी संच मोडतो, आणि उलटपक्षी संच पूर्ण असताना घटक सुटेसुटे दाखवून अधिक रक्कम मागणे हा 'अनबंडलिंग' नावाचा गैरव्यवहार ठरतो.

ही दक्षता अकारण नाही. डॉक्टरांनी मागविलेल्या नेहमीच्या रासायनिक संचास एचडीएल आणि फेरिटिन या तपासण्या जोडून, त्या जणू फुकट आहेत असा डॉक्टरांचा समज होऊ देऊन, सरकारकडून मात्र त्यांचे निराळे पैसे वसूल केल्याबद्दल नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज या कंपनीला १९९२ साली सुमारे अकरा कोटी डॉलर भरावे लागले.

तपासणीचा क्रमांक हा दाव्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे ती का केली याची सबब. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम पद्धतीत रक्तदाबास आय१०, उपद्रवरहित मधुमेहास ई११.९ असे संकेत आहेत; दाव्याच्या सीएमएस-१५०० या नमुन्याच्या एकविसाव्या रकान्यात निदाने अक्षरवार मांडावयाची, आणि तपासणीच्या ओळीत त्यांतील नेमके कोणते अक्षर तिला लागू ते दाखवावयाचे. डॉक्टरांनी 'मूत्रपिंडविकाराची शक्यता' एवढेच लिहिले असेल, तर बाह्यरुग्णाच्या बाबतीत तो विकार नोंदता येत नाही. रुग्णाने सांगितलेले लक्षण, उदाहरणार्थ थकवा, तेवढे नोंदावयाचे.

आमच्या प्रकरणात टिपणी होती केवळ वार्षिक तपासणीची, म्हणजे झेड००.००, रुग्ण मेडिकेअर या अमेरिकन सरकारी आरोग्यविम्याचा, आणि लक्षणांवाचून केलेल्या नित्याच्या तपासणीचे पैसे मेडिकेअर सहसा देत नाही. औषधांच्या यादीत मात्र रक्तदाबाची गोळी स्पष्ट दिसत होती. "मग आय१० लिहिले की झाले," असे मी म्हणताच ताईंनी मान हलविली. "गोळी लिहिली आहे, आजार लिहिलेला नाही. औषधावरून निदान ठरवणं माझं काम नाही; डॉक्टरांना विचारायचं." आणि त्यांनी दावा तहकूब ठेवून डॉक्टरांना कोणते उत्तर हवे हे सुचविणार नाही अशा शब्दांत प्रश्न धाडण्याची रीत दाखविली.

मेडिकेअरच्या दरपत्रकात या संचाचे मोल साडेदहा डॉलरांच्या आसपास आहे, आणि दावा मंजूर झाला तर रुग्णाला त्यासाठी काहीच द्यावे लागत नाही. नामंजूर झाला तर मात्र प्रयोगशाळेचा दर त्याच्या माथी येऊ शकतो. एवढ्या अल्प रकमेसाठी इतकी चिकित्सा प्रथमदर्शनी विचित्र भासते. पण न लिहिलेले निदान सोयीसाठी लिहिले, तर ते रुग्णाच्या नोंदीत वर्षानुवर्षे राहते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी असे बिल हाती पडताच ते मुकाट्याने भरू नये, वा प्रयोगशाळेशी नुसते भांडत बसू नये. तपासणीचा आणि निदानाचा असे दोन्ही संकेतांक मागून घ्यावेत, आणि सबब अपुरी दिसल्यास डॉक्टरांच्या कचेरीतून नोंद वस्तुस्थितीप्रमाणे दुरुस्त करवून दावा पुन्हा पाठविण्याची विनंती करावी.