कोणते भालचंद्र? कोणते राजाराम?
कोल्हापूरच्या नामबंधूंची गोष्ट

मराठी कलाविश्वात भालचंद्र पेंढारकर दोन झाले. एक भालचंद्र गोपाळ, दुसरे भालचंद्र व्यंकटेश. पहिले चित्रपटांचे, दुसरे संगीत रंगभूमीचे. पहिल्यांनी कोल्हापुरात ठाण मांडून 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' असे चित्रपट दिले. त्यांना 1991 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला आणि 1994 मध्ये ते कोल्हापुरातच निवर्तले. दुसऱ्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी सांभाळली, 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'दुरितांचे तिमिर जावो' रंगभूमीवर गाजवली. 2015 मध्ये त्यांचं निधन झालं. दोघांची क्षेत्रं वेगळी. तरीही एकाची माहिती दुसऱ्याच्या छायाचित्राखाली येते, एकाचं नाटक दुसऱ्याच्या नावावर जमा होतं.

गुंता इथंच संपत नाही. चित्रपटवाल्या भालचंद्रांचे थोरले बंधू बाबूराव पेंढारकर. नाटकवाल्या भालचंद्रांचे वडील बापूराव पेंढारकर. एका अक्षराचा फरक! बाबूरावांनी 'हंस पिक्चर्स'च्या उभारणीत वाटा उचलला, अत्र्यांच्या 'महात्मा फुले'मध्ये जोतीरावांची भूमिका केली, शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये तुरुंगाधिकारी रंगवला. बापूराव हे संगीत नाटकातले गायक नट. वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' 'ललितकलादर्श'नं रंगभूमीवर आणलं ते त्यांच्याच अमदानीत. मुद्रणात 'ब'चा 'प' झाला की एका घराण्यातला माणूस दुसऱ्या घराण्यात दत्तक गेलाच म्हणायचा.

दोन्ही घरांचे धागे कोल्हापुरात एकत्र येतात. 'ललितकलादर्श'ची स्थापना 1908 मध्ये केली ती केशवराव भोसल्यांनी, आणि केशवराव कोल्हापूरचे. 1921 मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले आणि मंडळीची धुरा बापूरावांकडे आली. नाटकवाल्या भालचंद्रांचा जन्मही त्याच वर्षीचा. राजर्षी शाहूंनी बांधून घेतलेल्या कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढं केशवरावांचं नाव देण्यात आलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

या दोन भालचंद्रांना त्यांच्या हयातीत कुणी फारसं एकमेकांत मिसळलं नाही, कारण लोकांनी आपल्या परीनं सोय केली होती. कोल्हापूरचे ते 'भालजी', नाटकातले ते 'अण्णा'. भालजींनी गीतं लिहिली ती तर 'योगेश' या नावानं. तिसरे एक पेंढारकर होते, यशवंत दिनकर. त्यांनी आडनावच बाजूला ठेवलं आणि 'कवी यशवंत' एवढ्यावर महाराष्ट्रभर ओळख मिळवली. ज्यांनी 'रारंग ढांग' ही कादंबरी लिहिली ते प्रभाकर पेंढारकर मात्र भालजींचे चिरंजीव. माणसं डोळ्यांसमोर होती तोवर 'भालजी' म्हटलं की पुरे होई. माणसं गेली, कागद उरले, आणि कागदावर 'भालचंद्र पेंढारकर' एवढंच राहिलं.

बाबूराव किती, केशवराव किती

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत 'बाबूराव' अशी हाक मारली तर एकापेक्षा जास्त माना वळल्या असत्या. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे सर्वेसर्वा बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्याच कंपनीच्या व्यवस्थापनात बाबूराव पेंढारकर. पुढं प्रभात फिल्म कंपनीच्या वितरणाचा व्याप सांभाळणारे बाबूराव पै. मेस्त्रींना जगानं ओळखलं ते 'बाबूराव पेंटर' म्हणून. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे दोघे 'पेंटर' झाले आणि मूळचं मेस्त्री हे आडनाव मागं पडलं. 'सैरंध्री' (1920) आणि 'सावकारी पाश' (1925) काढणाऱ्या दिग्दर्शकाची ओळख अखेरपर्यंत त्याच्या कुंचल्यावरून राहिली. कोल्हापूरची ही रीतच आहे. नाव सारखं असलं की माणसाच्या हातातलं काम त्याच्या नावाला जोडायचं.

केशवरावांच्या बाबतीत तर एकाच चित्रपटात दोन गाठ पडले. 1937 चा 'कुंकू' पाहा. म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते, संगीतकार केशवराव भोळे. नाट्यसंगीताच्या चर्चेत त्यात केशवराव भोसले मिळवले की तीन केशवराव होतात. 'भोसले' आणि 'भोळे' ही आडनावंही घाईत वाचताना एकमेकांच्या अंगावर येतात. भोसले 1921 मध्ये गेले, त्यांनी बोलपट पाहिलाच नाही. एवढी एक तारीख लक्षात ठेवली तरी निम्मा घोळ मिटतो.

गणपतरावांची जोडी मात्र इतकी वेगळी की घोटाळा होऊच नये. गणपतराव आंदळकर हे 1960 चे हिंदकेसरी, 1964 चे अर्जुन पुरस्कार विजेते. गणपतराव जाधव, म्हणजे ग. गो. जाधव, हे 'पुढारी' दैनिकाचे संस्थापक संपादक. एकाचं क्षेत्र तांबड्या मातीचा आखाडा, दुसऱ्याचं छापखाना. गावात दोघांनाही मान सारखाच.

एकाच घरात तीन राजाराम

नाव पुन्हा पुन्हा येण्याचं जुनं कारण घराघरात आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवर ही रीत पुऱ्या थाटात दिसते. छत्रपती राजाराम आणि ताराबाईंच्या मुलाचं नाव शिवाजी, म्हणजे आजोबांचं. राजाराम आणि राजसबाईंच्या मुलाचं नाव संभाजी, म्हणजे चुलत्याचं. 1731 मध्ये साताऱ्याच्या शाहूंशी वारणेचा तह केला तो या कोल्हापूरच्या संभाजींनी. शालेय पुस्तकात 'संभाजी' वाचून 1689 मध्ये बलिदान दिलेले छत्रपती संभाजी डोळ्यांसमोर आणणारा विद्यार्थी इथं हमखास अडखळतो.

राजारामांचं उदाहरण तर रोजच्या वापरातलं. पहिले राजाराम शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, जिंजीहून राज्य राखणारे, 1700 मध्ये निवर्तलेले. दुसरे राजाराम कोल्हापूरच्या गादीवर 1866 मध्ये आले. युरोपचा प्रवास करून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचं निधन झालं. वय वर्षं वीस. आर्नो नदीच्या काठी हिंदू पद्धतीनं त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथं त्यांचं स्मारक उभं आहे आणि जवळच्या पुलालाही इटालियन लोक 'भारतीयाचा पूल' म्हणूनच ओळखतात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला नाव आहे ते या तरुण राजांचं. पुढं गोपाळ कृष्ण गोखले या कॉलेजात शिकले आणि हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये 1952 साली कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधवही याच कॉलेजचे. तिसरे राजाराम हे राजर्षी शाहूंचे चिरंजीव, त्यांची कारकीर्द 1922 ते 1940. राजारामपुरी ही वसाहत त्यांच्या काळातली, त्यांच्या नावाची. म्हणजे राजारामपुरीत राहून राजाराम कॉलेजात जाणारा मुलगा दोन वेगळ्या राजांच्या नावांखालून रोज जातो.

योगायोग असा की पहिल्या राजारामांच्या राणी ताराबाई, आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या तिसऱ्या राजारामांच्या राणीही ताराबाई. घोड्यावर बसलेल्या, मोगलांशी झुंजलेल्या ताराराणी पहिल्या, 1675 ते 1761 या काळातल्या.

शाहूंच्या बाबतीत लोकांनी तोडगा काढला तो पदवीचा. सातारचे थोरले शाहू 1682 ते 1749 या काळातले. कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव म्हणून जन्मलेले आणि 17 मार्च 1884 रोजी दत्तक येऊन शाहू झालेले महाराज हे दुसरे. 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला तो यांनी. कानपूरला 1919 मध्ये कुर्मी क्षत्रिय परिषदेनं त्यांना 'राजर्षी' म्हटलं. तो शब्द गौरवाचा खराच, पण त्यानं ओळखीचं कामही चोख केलं. आजचे शाहू छत्रपती 2024 मध्ये कोल्हापूरचे खासदार झाले, त्यामुळं 'राजर्षी' हा शब्द आता पूर्वीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

राजाराम हे नाव राजवाड्यापुरतं कधीच नव्हतं. कोल्हापूरच्या एका सामान्य घरात राजाराम वणकुद्रे होते. त्यांच्या मुलानं 1942 मध्ये मुंबईत चित्रपटसंस्था काढली, तेव्हा वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांतून तिचं नाव घडवलं, 'राजकमल कलामंदिर'. तो मुलगा म्हणजे व्ही. शांताराम.

पाटलांचा जिल्हा

पाटील हे मुळात गावच्या वतनाचं नाव. जितकी गावं तितके पाटील. 1962 च्या कायद्यानं महसुली पाटलाचं पद संपलं, आडनाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं. त्याला विश्वास, दिनकर, चंद्रकांत अशी आवडती नावं जोडली गेली की नामबंधू तयार होणारच.

विश्वास पाटील घ्या. 'पानिपत' लिहिणारे, 'झाडाझडती'साठी 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे, भारतीय प्रशासन सेवेत राहिलेले विश्वास महिपती पाटील. 'गोकुळ' दूध संघाचे 2021 मध्ये अध्यक्ष झालेले विश्वास नारायण पाटील. आणि शिराळ्याजवळच्या कोकरूडचे, 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये शिरलेले, पुढं कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलिस महानिरीक्षक झालेले विश्वास नांगरे पाटील. कादंबरी, दूध आणि पोलिस दल. नुसतं 'विश्वास पाटील कोल्हापुरात' म्हटलं तर वाचकानं काय समजायचं?

चंद्रकांत पाटलांचंही तसंच. भुदरगडचे, कोल्हापूरच्या राजकारणातून राज्याच्या मंत्रिमंडळात गेलेले चंद्रकांतदादा. जळगाव जिल्ह्यात जन्मून गुजरातेत वाढलेले, नवसारीचे खासदार, केंद्रीय जलशक्ती मंत्री चंद्रकांत रघुनाथ पाटील. आणि हिंदी-मराठीत सेतू बांधणारे कवी-अनुवादक चंद्रकांत पाटील. गुजरातेत मंत्र्यांना 'सी. आर.' म्हणतात, आपल्याकडं दुसऱ्या मंत्र्यांना 'दादा'. कवीला मात्र नुसत्या नावावर भागवावं लागतं.

'जय मल्हार' आणि 'राम राम पाव्हणं' करणारे दिग्दर्शक श्रेयनामावलीत 'दिनकर द. पाटील' असं लिहीत. मधला 'द.' फार मोलाचा, कारण रायगडच्या प्रकल्पग्रस्तांचे लढवय्ये नेते दि. बा. पाटील हेही दिनकरच. कोल्हापूर भागातले एन. डी., डी. वाय., पी. एन. हे सगळे पाटीलच. आडनावानं ओळख पटत नाही म्हणून इंग्रजी आद्याक्षरंच त्यांची नावं झाली.

आद्याक्षरंही दर वेळी पुरत नाहीत. 'वि. स.' म्हणजे कोल्हापूरकर झालेले विष्णू सखाराम खांडेकर, 'ययाति'कार, ज्ञानपीठाचे मानकरी. 'वि. स.' म्हणजे रोजगार हमी योजनेचे जनक विठ्ठल सखाराम पागे. दोघांच्या वडिलांचं नावही सखाराम! त्यात खांडेकर जन्मानं गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. तसं झालं नसतं तर ही जोडी जमलीच नसती.

मतपत्रिकेवरचा नामबंधू

कलेत आणि इतिहासात नामसाम्यानं गैरसमज होतात, निवडणुकीत निकाल फिरतो. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये राष्ट्रवादीचे सुनील तटकरे अनंत गीतेंकडून 2,110 मतांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे नावाचे एक अपक्ष उमेदवार होते आणि त्यांना 9,849 मतं पडली. प्रत्येक मत चुकूनच पडलं असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण हे आकडे शेजारी ठेवले की तर्क करायला फार कष्ट पडत नाहीत. त्यानंतर गावोगावच्या पुढाऱ्यांना नामबंधूंची धास्ती बसली, आणि काहींना त्यातली युक्तीही उमगली.

निवडणूक नियमांत यावर उपाय आहे. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य काही जोडून त्यांच्यात फरक दाखवावा, असं 1961 चे नियम सांगतात. 2015 पासून मतपत्रिकेवर छायाचित्रही आलं. म्हणजे जे कोल्हापूरकरांनी बाबूरावांना 'पेंटर' म्हणून केलं, तेच सरकारनं नियमात लिहून ठेवलं.

नाव पूर्ण लिहा

नामसाम्य हा दोष नाही, ते टाळताही येणार नाही. देवांची, थोरांची, आजोबांची नावं लोक ठेवतच राहणार. दोष आहे तो अर्धं नाव लिहिण्याचा. मराठी माणसाच्या नावात वडिलांचं नाव मधोमध असतं, आणि ओळख पटवायची याहून पक्की सोय फार थोड्या समाजांकडं आहे. ती सोय आपण फलकावरून, श्रेयनामावलीतून, बातमीतून गाळतो आणि मग संदर्भ शोधणाऱ्या अभ्यासकाला, आता तर यंत्रालाही, दोन माणसांचा एक माणूस करून देतो. भालजींचा फाळके पुरस्कार अण्णांच्या खात्यावर जातो, कोल्हापूरच्या संभाजींचा तह भलत्याच संभाजींच्या माथी बसतो. यात नुकसान नेहमी कमी प्रसिद्ध माणसाचं होतं, मोठ्या नावाखाली त्याचं काम बुजून जातं.

उपाय स्वस्त आहे. महापालिकेनं चौकांच्या आणि वसाहतींच्या फलकांवर नावाखाली जन्म-मृत्यूची सालं लिहावीत. राजाराम कॉलेजच्या दारात कोणते राजाराम ते एका ओळीत सांगावं. नाट्यगृहांनी आणि चित्रपट महोत्सवांनी स्मरणिका छापताना मधलं नाव गाळू नये. आणि आपण वाचकांनीही घरातल्या जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर 'बापू' किंवा 'आबा' एवढंच न लिहिता पूर्ण नाव, गाव आणि साल लिहून ठेवावं. पन्नास वर्षांनी तो कागद हाती घेणाऱ्याला तेवढीच मदत लागणार आहे.