चांदी वर आली, मँगनीज तळाशी राहिलं

बालाघाट शहराला लागूनच भरवेलीची खाण आहे. तिथला मँगनीजचा दगड हातात घेतला की त्याचं वजन चकवतं. तुकडा मुठीत मावणारा, पण साध्या दगडाहून कितीतरी जड. खाली ठेवला तरी बोटं काळी राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे खनिज इथून निघतंय. इंग्रजी अमलात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी ते काढायची, आज नागपूरची 'मॉयल' काढते.

या काळ्या दगडाशिवाय दुसरं महायुद्ध लढताच आलं नसतं. लोखंडात गंधक उरलं तर तापवून लाटताना पोलाद तडकतं. मँगनीज ते गंधक आपल्याकडे ओढून घेतं. बारा-तेरा टक्के मँगनीज घातलं तर पोलाद इतकं चिवट होतं की ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणं त्याचीच असत. १९४१ च्या ऑगस्टमध्ये युक्रेनमधल्या निकोपोलच्या खाणी जर्मनांच्या हाती पडल्या आणि दोस्तांना भारतातलं मँगनीज आणखी मोलाचं झालं. मध्य प्रांताचं खनिज बाहेर नेणं हा विशाखापट्टणमचं बंदर बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता. ते १९३३ मध्ये सुरू झालं. मुंबई आणि कलकत्ता ही बंदरं होतीच.

पुढचा रस्ता समुद्राचा. रशियाला रसद नेणाऱ्या आर्क्टिकमधल्या ताफ्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. १९४२ च्या जुलैत 'पीक्यू-१७' या ताफ्यातल्या ३५ मालवाहू जहाजांपैकी २४ बुडाली. आपल्या बंदरांतून निघून बुडालेल्या जहाजांची मात्र आपल्याकडेच फारशी आठवण नाही, याची मला खंत आहे.

त्यातलंच एक 'सिटी ऑफ कैरो'. १९१५ चं, धूर फार सोडणारं जुनं जहाज. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ते मुंबईहून निघालं. पोटात मँगनीज, बीड, लाकूड, लोकर, कापूस आणि चांदीच्या नाण्यांच्या २००० पेट्या. दरबान आणि केपटाउन मागे टाकून ते दक्षिण अटलांटिकमधून एकटंच चाललं होतं, सोबत एकही युद्धनौका नाही. ६ नोव्हेंबरच्या रात्री 'यू-६८' या जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो त्यावर आदळला. माणसं होड्यांत उतरत होती. वीसेक मिनिटांनी दुसरा टॉर्पेडो आला आणि जहाज गेलं. पाणबुडीचा कप्तान मेर्टेन याने होड्यांना सेंट हेलेनाची दिशा सांगितली, जहाज बुडवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि तो निघून गेला. बेट जवळपास ५०० मैल दूर होतं.

जहाजावरच्या ३११ जणांपैकी १०४ जण वाचले नाहीत. स्फोटात आणि जहाजाबरोबर गेले ते थोडे. बाकीचे पुढच्या दिवसांत तहानेनं, उन्हानं आणि जखमांनी गेले. एका होडीत ५१ दिवसांनी फक्त दोघं जिवंत सापडली, तीही पार ब्राझीलच्या बाजूला. त्यातला एक जहाजावरचाच अधिकारी. घरी परतताना, १९४३ च्या मार्चमध्ये, त्याचं 'सिटी ऑफ प्रिटोरिया' हे जहाज टॉर्पेडोनं बुडालं. त्यावरचं कुणीच वाचलं नाही.

२०११ मध्ये 'सिटी ऑफ कैरो' सापडलं, ५१५० मीटर खोल. तिथून टनावारी चांदी वर काढली गेली आणि २०१५ मध्ये ती बातमी जगभर छापून आली. मँगनीजसाठी एवढ्या खोल कोण उतरणार?

जहाजावरचे बहुतेक खलाशी हिंदी होते. मुंबईहून सुटणाऱ्या अशा जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, खानपानाला गोव्याचे, तर बॉयलरपाशी कोळसा टाकायला बहुधा पंजाबी आणि पठाण असत. पगार गोऱ्या खलाशांच्या पगाराच्या कितीतरी खाली, धोका मात्र तोच. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी गेले. बहुतेकांना कबर नाही. त्यांच्या नावांची नोंद मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.