नाव कुठल्या वहीतलं?

जळगावहून रेल्वेने पाचोऱ्याकडे निघालं की लवकरच शिरसोली लागतं. बोलण्यात हे एक गाव आहे, सरकारी कागदावर दोन. शिरसोली प्र. न. आणि शिरसोली प्र. बो. अशा दोन ग्रामपंचायती आहेत. ‘प्र.’ म्हणजे परगणा. परगण्यांचा कारभार केव्हाच संपला, पण नावामागचं अक्षर राहिलं, कारण त्याच्याशिवाय कोणती शिरसोली ते ठरत नाही. खानदेशात अशी गावं बरीच. रावेर तालुक्यात वाघोदे बुद्रुक आहे आणि वाघोदे खुर्दही आहे. नुसतं ‘वाघोदे’ म्हटलं तर तलाठी पुढचं अक्षर विचारणारच.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची अडचण हीच, आणि त्यांनी काढलेला तोडगाही हाच. मोठ्या प्रोग्रॅममध्ये हजारो नावं असतात. ती वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी ठेवलेली असतात, त्यामुळे एकच नाव दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतं. म्हणून नावांचे गट करतात. अशा गटाला नेमस्पेस म्हणतात. मी वापरते त्या क्लोजर भाषेत पूर्ण नाव लिहायचं तर आधी नेमस्पेस, मग तिरकी रेघ, मग नाव. इथपर्यंत सगळं सरळ आहे. गुंता पुढे होतो: चालू प्रोग्रॅमच्या हातात एखादा हुकूम देऊन ‘हा दुसऱ्या नेमस्पेसमध्ये बसून वाच’ असं सांगायचं असतं तेव्हा.

मी जळगावात व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिते. गिऱ्हाइकांत डाळ मिलवाले आहेत, केळीवाले आहेत, धुळ्याकडचे जिनिंगवालेही आहेत. माझे वडील धुळे जिल्ह्यात एका जिनात दिवाणजी होते, त्यामुळे ‘खंडी’ हा शब्द मी अगदी लहानपणापासून ऐकत आले. रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे साधारण ३५५.६ किलोची. ७८४ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो २८ गुणिले २८ आहे: मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, आणि कापसाच्या खंडीत असे २८ मण. याच मुंबई मापाची साधी खंडी मात्र २० मणांची. ती भरते ५६० पौंड, म्हणजे २५४ किलो. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, त्यानंतर धान्याचा बाजार क्विंटलवर आला. जुन्या वह्यांतली खंडी मात्र तशीच राहिली.

एका व्यापारी घराण्याच्या अशाच जुन्या वह्या संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं. घराणं कापूस आणि धान्य दोन्हींत होतं. वहीत ‘खंडी १०’ एवढंच लिहिलेलं. पान कापसाच्या वहीतलं असेल तर ३,५५६ किलो, धान्याच्या वहीतलं असेल तर २,५४० किलो. हजार किलोंचा फरक एका न लिहिलेल्या शब्दावर उभा होता.

मी ‘कापूस’ आणि ‘धान्य’ अशी दोन नेमस्पेस केली. दोन्हींत ‘खंडी’ हे नाव आहे, किंमत वेगळी. वहीतली नोंद देवनागरीत मांडली तर अशी दिसते:

(* १० खंडी)

कंसात पहिली खूण गुणाकाराची, मग ज्यांचा गुणाकार करायचा ते. ही मांडणी लिस्प भाषेतून आली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्पचं काम सुरू केलं आणि १९६० साली तिच्यावरचा निबंध छापला. तिचं मर्म असं की हा कंस एक हुकूम आहे आणि त्याच वेळी तीन गोष्टींची एक साधी यादीही आहे. यादी आहे, म्हणजे ती हातात घेता येते, उघडता येते, तिच्यात भर घालता येते आणि ती दुसऱ्याकडे पाठवता येते. हवं तेव्हा तिला हुकूम मानून चालवता येतं. या चालवण्याला ‘इव्हॅल’ म्हणतात. मॅकार्थींनी इव्हॅल कागदावरची कल्पना म्हणून लिहिलं होतं. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या यंत्राच्या भाषेत उतरवलं, आणि कागदावरची भाषा प्रत्यक्ष चालू लागली. मला संगणकाच्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर घटना वाटते.

यादी चालवायची नाही, नुसती जवळ ठेवायची, असं सांगायला तिच्यापुढे एक अवतरणचिन्ह देतात. मग ‘खंडी’ म्हणजे किती किलो हे कोणी विचारत नाही. ते फक्त नाव म्हणून थांबतं.

किंमत न विचारता नाव बाळगण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला मिळालेल्या दानाची ही नोंद. भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण त्यांचे ग्रंथ खानदेशात शिकवले जात होते याचा हा दगडी पुरावा आहे. त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणतात. आणखी अज्ञातं असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. लिहिताना नुसती आद्याक्षरं: या, का, नी, पी. माहीत असलेल्या संख्येला ‘रू’. आणि नियम असा की सजातीय राशी एकत्र करायच्या, विजातीय वेगळ्या ठेवायच्या. ‘या’ची किंमत गणित सुटेपर्यंत माहीत नसते, तरी तिच्यावर सगळे व्यवहार करता येतात. विद्यार्थ्यांना इव्हॅल शिकवायचं असेल तेव्हा मी आधी फळ्यावर या आणि रू लिहिते.

आता फंक्शन आणि मॅक्रो, म्हणजे काम सोपवण्याच्या दोन रीती. समजा तुम्ही धान्याच्या गादीवर बसला आहात आणि कापसाच्या गादीवरच्या दिवाणजींना सांगायचंय की दहा खंडींचे किलो काढा. फंक्शनचा शिरस्ता असा की निरोप निघण्याआधी त्यातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत तुमच्याच गादीवर काढली जाते. दिवाणजींच्या हातात पडतो नुसता आकडा, २,५४०. त्यांनी तो कापसाच्या वहीत कितीही वेळा वाचला तरी २,५४० च राहणार. चूक झाली, आणि कुठेही लाल दिवा लागला नाही. मॅक्रोचा शिरस्ता वेगळा. तो निरोपाचे शब्द जसेच्या तसे उचलतो. ‘दहा खंडी’ हेच शब्द दिवाणजींकडे जातात, ते स्वतःची वही उघडतात आणि ३,५५६ म्हणतात. लिस्पमध्ये मॅक्रो आणले टिमथी हार्ट यांनी, १९६३ साली. रिच हिकी यांनी २००७ मध्ये क्लोजर प्रसिद्ध केली, तिच्यातही मॅक्रो आहेत.

क्लोजरमध्ये ‘आत्ता आपण कुठल्या नेमस्पेसमध्ये आहोत’ हे एका खास नावात साठवलेलं असतं, आणि इव्हॅल तेवढंच बघतं. म्हणून माझा मॅक्रो असा चालतो: ते खास नाव थोड्या वेळासाठी ‘कापूस’वर ठेवायचं, यादी इव्हॅलला द्यायची, काम झालं की नाव पूर्वीच्या जागी. मध्येच काही बिघडलं तरी नाव परत जागेवर येतं, ही हमी भाषाच देते. वापरणाऱ्याला एवढंच लिहावं लागतं:

(वहीत कापूस (* १० खंडी))

इथे एक बारकावा आहे आणि तो शिकणाऱ्याला हमखास छळतो. मॅक्रो लिहिताना साचा म्हणून उलटं अवतरणचिन्ह वापरतात. त्या साच्यात तुम्ही स्वतः नुसतं ‘खंडी’ लिहिलंत, तर क्लोजर त्याला तिथल्या तिथे पूर्ण नाव देते. मॅक्रो ‘धान्य’मध्ये लिहिला असेल तर ते ‘धान्य/खंडी’ होतं आणि पुढे कुठल्याही वहीत नेलं तरी धान्याचंच राहतं. बाहेरून आलेली यादी मात्र साच्यात नुसती बसवली जाते, तिच्यातल्या नावांना हात लागत नाही. भाषेने हे मुद्दाम केलंय, आणि मला ते पटतं. मॅक्रो लिहिणाऱ्याचं नाव त्याच्या घरचं, निरोप पाठवणाऱ्याचं नाव जिथे वाचायचं तिथलं. दोन्हींची सरमिसळ होत नाही.

मग सगळीकडे मॅक्रोच का नको? कारण मॅक्रो प्रोग्रॅम चालण्याआधी, तो तयार होतानाच काम करतो. त्याला फक्त लिहिलेलं दिसतं. जिनिंगच्या मालकांनी आज सकाळी कट्टीचा, म्हणजे कपातीचा, नवा नियम पडद्यावर टाइप केला आणि प्रोग्रॅमने तो ‘सूत्र’ या नावात ठेवला, तर मॅक्रोला त्यातला नियम दिसत नाही. त्याला दिसतात ‘सूत्र’ ही अक्षरं. तो तीच अक्षरं कापसाच्या वहीत पाठवतो, आणि तिथे सूत्र नावाचं काही नसतं. इथे फंक्शनच हवं, कारण नावाआडचा नियम हातात घेणं हे फंक्शनचंच काम. तेव्हा खरं काम एका फंक्शनमध्ये ठेवावं: त्याला वहीचं नाव आणि यादी द्यायची. मॅक्रो त्याच्यावर पातळ सालीसारखा, फक्त अवतरणचिन्ह लावण्यापुरता. सगळी बुद्धी मॅक्रोत कोंबलेले प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. ते लिहिणारा माणूस गाव सोडून गेला की कोणालाच वाचता येत नाहीत.

वेळेचाही प्रश्न येतो. इव्हॅल दर वेळी यादी नव्याने तयार करून चालवतं. वहीतल्या हजारो ओळींवर ते पुन्हा पुन्हा करणं म्हणजे नुसती वाट बघणं. उपाय सोपा आहे. इव्हॅल एकदाच करायचं आणि त्यातून आकडा न काढता फंक्शन बनवून घ्यायचं. ते त्या वहीतली नावं धरूनच जन्माला येतं. मग प्रत्येक ओळीला ते तयार फंक्शन लावायचं.

राहिला धोका. बाहेरून आलेली अक्षरं इव्हॅलला देणं म्हणजे अनोळखी माणसाला प्रोग्रॅममधली प्रत्येक सत्ता देणं. आपल्याकडच्या कॉलेजांतली मुलं आता पायथॉन ही भाषा शिकतात. तिथेही इव्हॅल आहे आणि कोणती नावं दिसावीत याची यादी त्याला देता येते, पण तेवढ्याने संरक्षण होत नाही. क्लोजरमध्ये तर नुसत्या वाचण्यातही धोका आहे. तिचा नेहमीचा वाचक अक्षरांची यादी करता करता त्यातला विशिष्ट खुणेचा हुकूम चालवू शकतो. म्हणून बाहेरचा मजकूर ईडीएनच्या, म्हणजे नुसत्या माहितीसाठीच्या मांडणीच्या, वाचकाने वाचायचा, तो फक्त यादी करतो, काहीही चालवत नाही.

मालकांचा नियम माझ्याकडे या वाटेने येतो. आधी ईडीएनने यादी. मग यादीतलं प्रत्येक नाव तपासायचं: गणिताच्या चार खुणा, खंडी, कट्टी, वजन, भाव. एवढीच नावं चालतात, आणि भागाकाराची एकटी खूण सोडली तर तिरकी रेघ असलेलं कोणतंही नाव परत पाठवायचं, कारण तो दुसऱ्याच्या वहीत हात घालण्याचा रस्ता आहे. आणि नियमाबरोबर वहीचं नाव आलंच पाहिजे. ते नसेल तर प्रोग्रॅम अंदाज बांधत नाही, तिथेच थांबतो आणि विचारतो: कापूस की धान्य?