आधी एक सरी, मग सगळं रान



प्रयोग म्हटला की पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र नाहीतर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट डोळ्यांपुढे येते. पण प्रयोग घरच्या वाफ्यातही करता येतो. आम्हांला हे वसईत उमजले.

वसई तालुक्यात निर्मळला आमच्या आक्काची वाडी आहे. केळी, भाजी, थोडी पानवेल. समुद्र जवळ. विहिरींचा उपसा फार झाला की जमिनीतले गोडे पाणी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते. मे महिन्यात पाणी मचूळ लागले की वाडी राहते की जाते, अशी धास्ती! पाणी वाचावे म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही वांग्याच्या वाफ्यांवर केळीचा वाळला पाला पसरला, खत बदलले आणि बीही नवे आणले. वांगी झकास आली. आक्काने विचारले, "पण कशानं आली रे?" आम्ही गप्प! तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग श्रेय कुणाला द्यायचे?

पुढल्या वर्षी आक्कानेच रीत घातली. शेजारचे दोन सारखे वाफे. बी, खत, लागणीचा दिवस एकच. एकावर पाला, दुसरा उघडा. माती मुठीत धरून पाहायची, सुकली असेल तरच पाणी द्यायचे आणि बादल्या वहीत मांडायच्या. उघड्या वाफ्याला रोज पाणी लागले, पाल्याच्या वाफ्याला दिवसाआड पुरले. दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच दिसले, तेव्हा कुठे केळीच्या बुडख्यांशी पाला घातला.

हीच वाट गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर (१९२४-२००१) यांनी 'प्रयोग परिवारा'तून दाखवली. शेतकऱ्याने आपल्या रानात स्वतः पाहावे, मोजावे, लिहावे आणि ते चारचौघांना सांगावे, हा त्यांचा आग्रह. तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार असेच एकमेकांकडून शिकत गेले.

आता आपल्या उसाकडे वळू. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि पुष्कळ ठिकाणी ते पेटवले जाते. ठेवून फायदा होतो का, हे आमच्या सांगण्यावर मानू नका. खोडव्यात पाच सऱ्यांत पाचट ठेवा, शेजारच्या पाच नेहमीसारख्या करा. खत दोन्हीकडे सारखे. पाण्याच्या पाळ्या, दहा फुटांतले ऊस आणि तोडणीचे वजन लिहा. फसले तर नुकसान पाच सऱ्यांचे. साधले तर सगळे रान पुढे आहेच.

घरातही हाच नियम. दिवसाचे चहा किती, किराणा उधारीवर किती, रात्री झोप किती, हे आधी पंधरा दिवस नुसते लिहा. मग एकच गोष्ट बदला, पुन्हा पंधरा दिवस लिहा. मात्र रक्तदाब, मधुमेहाची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका. तो प्रयोग नव्हे, जुगार आहे.

आणि फसलेला प्रयोगही लपवू नका. एकाचे फसलेले दहा जणांचे पैसे वाचवते. आपली टिपणे गट ऑफिसात किंवा चिटबॉयकडे द्या. वही दोन रुपयांची असो की वीस, पहिली ओळ आजच पडली पाहिजे.