पाण्याखालचा सातबारा

महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा घाटरस्ता सुमारे २५ किलोमीटरचा. शेवटच्या वळणांवर झाडी बाजूला सरते आणि खाली डोंगरांच्या कुशीत शिरलेले निळेशार पाणी दिसू लागते. प्रवासी या गावाला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. सह्याद्रीतल्या जागेचे कौतुक करायलाही आपल्याला काश्मीरचा दाखला का लागावा, कोण जाणे!

खरे तर हे सरोवर नव्हे, अडवलेली नदी आहे. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कोयनेला सोळशी इथेच मिळते. कोयनानगरचे धरण १९६४ साली पूर्ण झाले आणि नदीचे पाणी फुगत थेट इथवर आले. तोच हा शिवसागर, सुमारे १०५ टीएमसीचा. कऱ्हाडला कृष्णेला भेटायला निघालेल्या या पाण्याचा मोठा हिस्सा बोगद्यांतून पश्चिमेला उतरतो, वीज करतो आणि वाशिष्ठीला जाऊन मिळतो.

बँकेत असताना कर्जाच्या प्रकरणात मी आधी सातबारा पाही. जमीन पळून जात नाही, म्हणून तिच्यासारखे तारण नाही, असे आम्हांला शिकवलेले. तापोळ्याच्या लाँचवाल्याने ते एका वाक्यात खोडून काढले. पाण्याकडे हात करून तो म्हणाला, “सायेब, आपण चाललोय ना, त्याच्या खाली आमची भातखाचरं हायती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठंकुठं जुनी जोती दिसत्यात.”

“मोबदला मिळाला ना?”

“लांब तिकडं जमीन देत व्हते. आजा गेला न्हाई. वर डोंगरावर चढून ऱ्हायला.”

जे गेले, त्यांतले कोणी ठाणे-रायगडकडे, कोणी सोलापूरकडे वसले. जे मागे राहिले, त्यांच्या वाट्याला उतारावरची तुकड्यातुकड्यांची शेती आणि पैलतीरी जायला लाँच आली. महाराष्ट्राच्या घराघरांत दिवा लागला, त्यात यांचीही खाचरे जळली.

आता ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाची आखणी चालू आहे. रस्ते येतील, रोजगार येईल, तो यावाच. मात्र उरलेल्या जमिनीचे खरेदीखत होऊन तिचा जुना मालक हॉटेलच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहू नये. एकदा पाण्यापायी गेलेली जमीन दुसऱ्यांदा पैशापायी जायला वेळ लागत नाही.

तापोळ्याला अवश्य जा. गावातल्याच एखाद्या घरी उतरा, नाचणीची भाकरी खा. आणि लाँचमध्ये बसलात की खाली कोणते गाव होते, तेवढे विचारा. सांगणारे अजून आहेत.